एक सूत जास्त

आमच्या घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची, मीही मामाच म्हणत होते. ते मला अक्का म्हणायचे. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, तरी अक्का. नवीन माणसं चक्रावून बघायची. त्यामागं एक कारण होतं, ते सांगतेच. पण आधी केळीच्या गाभ्याचं सांगायला हवं, कारण माझी आणि त्यांची ओळख तिथून सुरू झाली.

कुंभकोणमला आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. कुणीतरी म्हणालं, तुमच्यातलेच आहेत, घरात मराठी बोलतात, वरचा मजला रिकामा आहे. आम्ही दोघं गेलो. आमचे हे चप्पल काढेपर्यंत एक उंच, वाळके गृहस्थ विळी आणि केळीच्या गाभ्याचा हातभर तुकडा घेऊन बाहेर आले आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "काप."

ना नाव विचारलं, ना गाव. मला वाटलं, घरात जेवणाची पंचाईत दिसते. मी बसले, चकत्या करायला लागले, निघणारा धागा बोटाला गुंडाळत गेले. ते उभे राहून बघत होते. आठ चकत्या झाल्यावर त्यांनी धोतराच्या निरीतून घडीची मोजपट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक चकती मोजली.

"सात सारख्या आहेत. आठवी एक सूत जाड. का?"

मी म्हटलं, "तुम्ही बघताय म्हणून भीती वाटली."

"बेस," ते म्हणाले. "खरं बोलतेस. घर दिलं."

आमच्या आधी तीन कुटुंबं वांगी आणि पडवळ कापून परत गेली होती, हे मागाहून कळलं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार लोकांचं माप. मामा काही सुतार नव्हते, सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं रेघ ओढायचे, आणि मग पोरांना पट्टी लावून बघायला सांगायचे. रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात, विहिरीशेजारी छप्पर घालून त्यांनी सुतारकाम मांडलं. आपले पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात तंबूंची मापं घ्यायचे असं ते सांगत. खरं की खोटं, देव जाणे. पण माप त्यांच्या अंगात होतं एवढं खरं. भिंतीभिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले. जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची तिच्याच कडेला. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलं होतं, 'उंची पाच फूट अकरा, वरची बाई पाच फूट एक, काळजी नाही.' आमच्या ह्यांच्याबद्दल काही लिहिलं नव्हतं, म्हणून हे दोन दिवस फुगले होते.

माणसांचं मापही ते सुतातच सांगायचे. पोस्टमन चांगला, पण दोन सूत कमी, कारण पत्र हातात न देता फेकतो. कोपऱ्यावरचा कॉफीवाला अर्धं सूत कमी. माझा रसम एकदा वाटीभर पाठवला तर निरोप आला, "मीठ पाव सूत जास्त." लग्नाला जाऊन आले की नवऱ्या मुलाचं माप सांगायचे, आणि ते बऱ्याच वेळा खरं निघायचं म्हणून लोक त्यांना लग्नाला बोलवायला जरा कचरायचे. माझं माप मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. काय निघेल कोण जाणे, असं वाटायचं.

आणि एक शब्द त्यांच्या घरात उच्चारायची बंदी होती. 'चालेल.' तमिळ सुतार काम करताना त्याच अर्थानं "परवायिल्लै सामी" म्हणाला, की मामा त्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचे. घरात आम्ही मराठीत 'चालेल' म्हटलं तरी तेच. "चालत असेल तर चालू दे, माझ्या घरातून बाहेर," असं म्हणायचे.

आता अक्का का, ते. माझे अप्पा आडुतुरैजवळ लाकडाच्या एका गिरणीत करवतींना धार लावायचं काम करायचे. घर गिरणीच्या पाठीमागं. मी त्या आवाजातच वाढले. करवत नुसती फिरते तो आवाज वेगळा, लाकडात शिरली की वेगळा. पातं बोथट झालं की वेगळा, पट्टा सैल झाला की आणखी वेगळा. अप्पा जेवायला बसले की मला विचारायचे, आज काय बिघडलंय सांग, आणि मी सांगायची. हे एकदा बोलता बोलता मामांना सांगितलं मात्र, त्यांनी हात जोडले. "करवतीच्या घरची तू. मला जे येत नाही ते तुला येतं. आजपासून अक्का."

पण त्यांना मी सगळं सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांची असताना मी अप्पांचा डबा घेऊन गिरणीत गेले होते. दारापाशी पोचले तेव्हा करवत लाकडात होती. मग एक आवाज आला. नुसत्या फिरण्याचाही नाही, लाकडाचाही नाही. मऊ, आणि अगदी थोडा वेळ. लगेच कुणीतरी पट्टा थांबवला आणि एवढी मोठी गिरणी गप्प झाली. अप्पांनी भुशाचं पोतं ओढत आणलं आणि जमिनीवर ओतलं, हातानं पसरलं. मला म्हणाले, घरी जा. मी गेले नाही. पिवळा भुसा बघता बघता काळा होत गेला, तेवढं पाहिलं आणि मग पळाले. तो कोणता आवाज होता हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. तेव्हापासून ती भीती माझ्या पोटात कायमची राहायला आली.

मामांच्या मागच्या अंगणात हाताची करवत, रंधा, पटाशी, गुण्या, एवढंच होतं. विजेचं काही नाही. म्हणून मी तिथं निर्धास्त जात असे.

नवरात्रात आमच्याकडं घरोघर बाहुल्यांचा कोलू मांडतात. पायऱ्या करायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, वर कलश आणि खाली पायरीपायरीनं बाहुल्या. लोक ट्रंका, डबे, पाट रचून पायऱ्या करतात. मामा दर वर्षी गल्लीतल्या एका घराला लाकडी पायऱ्या करून द्यायचे. एक खिळा नाही, सगळं सांध्यात सांधा बसवलेलं. काढलं की फळ्या होऊन माळ्यावर जातं. क्रम दारांच्या नंबराप्रमाणं. आम्ही भाडेकरू, म्हणून सगळ्यांत शेवटी. अकरा वर्षं मी वाट बघितली. त्या वर्षी आमची पाळी होती, सात पायऱ्या.

त्याच वर्षी पाणी तापायला लागलं.

खालच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मामा काटक्या आणि नारळाच्या झावळ्या घालून सकाळी थोडं तापवायचे, कुणाला मिळालं तर मिळालं. त्या वर्षी आडीपासून, म्हणजे आषाढापासून, बादल्याच्या बादल्या कढत पाणी. आमचे हे खूश. मी एकदा बंबाशेजारी सरपण बघितलं तर सागाचे तुकडे. नवं, पिकलेलं सागवान. एकेक तुकडा उचलून बघितला. एका कडेला रेघ मारलेली, आणि कापलेली कड त्या रेघेच्या कधी आत, कधी बाहेर. मला वाटलं, कुणा शिकाऊ माणसाला हाताशी धरलंय वाटतं. ठेवून दिले आणि आंघोळ करून वर आले. एवढी अक्कल असती तर मग काय.

एका सकाळी मामा जिन्यात उभे राहिले.

"अक्का, एक माल बघायला यायचंय तुला. दारासुरमला."

"कसला माल? साडी?"

"टेबल सॉ."

मला ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि मी कठडा धरला. लोखंडाचं टेबल, त्याच्या मधोमध फटीतून वर आलेलं दातेरी पातं, अर्ध्या ताटाएवढं. खाली मोटर. फळी टेबलावर ठेवायची आणि दोन्ही हातांनी पात्यावर ढकलायची. शेजारी लोखंडी पट्टी असते, फळी तिला टेकली की सरळ जाते. मला त्या पट्टीचं काही वाटलं नाही. हातांनी ढकलायची, एवढंच डोक्यात राहिलं.

"जुनं आहे," मामा म्हणाले. "विकणारा चांगलंच म्हणेल. बाकीचं मी बघतो. आवाज तू ऐकायचा. तू हो म्हणालीस तर घेतो, नको म्हणालीस तर नाही."

"मामा, ह्या वयात कशाला?"

"ह्या वयात म्हणजे किती इंच?"

"हाताची करवत आहे की तुमच्याकडं."

"हाताची करवत हाताचं ऐकते."

"मग ऐकू दे की!"

"तेच तर," असं म्हणून ते खाली गेले.

मी वर येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरामागून म्हणाले, "तुझ्यावरच सोपवलंय ना? नको म्हण. संपलं." पेपरामागून बोलायला काय जातं! त्या माणसानं आठ चकत्या मोजून मला घर दिलं होतं, खरं बोलते म्हणून. त्यांना मी कानानं ऐकलेलं सोडून दुसरं काय सांगणार?

पुढचे चार दिवस वाईट गेले. शेंगा मोडायला बसले की बोटंच दिसायची. मामा कॉफी प्यायला वर आले की मी त्यांची बोटं मोजायची. दहा. परत मोजायची. आणि तेव्हा एक दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. पूर्वी मामा कॉफी गार करताना पेला हातभर वर नेऊन खालच्या पसरट वाटीत, डबऱ्यात, ओतायचे, थेंब सांडायचा नाही. आता डबरा दोन्ही हातांत धरून, ओठ खाली नेऊन पीत होते. वाटलं, वय झालं.

शुक्रवारी टाउन बसनं गेलो. विणकरांच्या गल्लीत रेशमाचे ताणे पसरलेले, दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखट आवाज. विकणारा माणूस मागांचे लाकडी सांगाडे करणारा होता. पन्नाशीचा, कपाळाला विभूती, उजव्या खांद्यावरून टॉवेल घेतलेला, त्यात हात गुंडाळलेला. "या अय्या, या अम्मा," म्हणत शेडमध्ये नेलं.

यंत्र कोपऱ्यात होतं. दर वर्षीच्या आयुधपूजेला लावलेल्या चंदनाची आणि कुंकवाची पुटं एकावर एक वाळून बसली होती. पात्यावरचं झाकण काढून भिंतीला टांगलेलं. मामा लगेच टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले, फक्त पाय बाहेर. तो माणूस आत जाऊन ताक घेऊन आला आणि पेला माझ्यापुढं धरला.

डाव्या हातानं.

तुम्हाला यात काही वाटणार नाही कदाचित. आमच्याकडं डाव्या हातानं कुणी भिकाऱ्यालासुद्धा काही देत नाही. घरी आलेल्या बाईला डाव्या हातानं पेला देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मला राग आला. पेला घेतला नाही, त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली, पण हात काही बदलला नाही. आणि मग माझा राग एकदम उतरला. कपाळाला विभूती लावणारा माणूस, अम्मा म्हणतोय, आणि डावा हात पुढं करतोय, तर उजव्याचं काय?

मी पेला घेतला. जमिनीकडं बघितलं. सगळ्या शेडभर भुसा, आणि यंत्राच्या एका बाजूला, माणूस उभा राहतो तिथं, भुसा नाही. घासून काढलेली फरशी, पांढरी, पाटाएवढी. पलीकडं दाराशी कुंकू घालून फोडलेल्या कोहळ्याचा लाल डाग. दृष्ट काढल्याचा. मी पेला तसाच खाली ठेवला.

"वाकलेलं नाही, गंज नाही," मामा टेबलाखालून म्हणाले. मग उठून त्यांनी पातं हातानं गर्रकन फिरवलं, कडेला काटकोनाचा गुण्या लावून बघितला, लोखंडी पट्टी तीन ठिकाणी मोजली. चेहरा असा खुलला होता की काय सांगू. "अक्का, एका सुताचाही फरक नाही गं! लाव रे चालू."

त्या माणसानं पायानं बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. मी डोळे मिटले. नऊ वर्षांची झाले.

आवाज निर्मळ होता. काय सांगू तुम्हाला, इतका निर्मळ की अप्पा असते तर उठून नमस्कार केला असता. खरखर नाही, डुगडुग नाही. मी डोळे उघडले तर मामांनी त्या माणसाकडून टेबलाच्या कडेला रुपयाचं नाणं काठावर उभं करवून घेतलं होतं. यंत्र हादरत असेल तर नाणं पडतं. नाणं देवासारखं उभं.

"सांग, अक्का."

माझ्या पोटातली ती पोर म्हणाली, नको सांगू. मी मराठीतच म्हटलं, "बेअरिंग गेलंय, मामा."

उभ्या आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. तेही नाणं समोर उभं असताना.

मामांनी नाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो माणूस पुढं आला. मराठी कळत नव्हती, पण एक शब्द कळला होता.

"काय म्हणाल्या अम्मा? बेअरिंग? अम्मा, बेअरिंग मी दिवाळीतच बदललंय. यंत्रात खोट नाही. माझं यंत्र वाईट आहे असं म्हणू नका." त्याचा आवाज चढला, मग उतरला. "खोट कुठं आहे ते दाखवतो."

त्यानं टॉवेल सोडला. अंगठा होता. करंगळी होती. मधे काही नव्हतं.

यंत्र फिरतच होतं. मामांनी विचारलं, "कसं झालं?"

"काहीच झालं नाही, अय्या. रोजची फळी, रोजची वेळ. कुणी हाक मारली नाही, रेडिओ बंद होता. माझं लक्षही होतं. मी बघतच होतो."

हे ऐकून मला जी भीती वाटली ती गिरणीतही वाटली नव्हती. चूक झाली असती तर चूक टाळता आली असती.

मामा ताठ उभे होते. "बरं," म्हणाले, मास्तरांसारखे, आणि नाणं उचलायला हात पुढं केला. तेव्हा मी तो हात बघितला. बोटं पानासारखी थरथरत होती. नाण्याला ती लागली, नाणं कलंडलं आणि गडगडत निघालं पात्याकडं. आणि मामांचा हात सवयीनं त्याच्या मागं.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणं मला साधा डबा उघडता येत नाही, पण मी मामांच्या उपरण्याला आणि धोतराला मिळेल तिथं धरून मागं ओढलं, आणि आम्ही दोघं भुशात बसलो. टण्ण आवाज झाला, नाणं उडून पत्र्यावर आदळलं. त्या माणसानं पायानं बटण दाबलं. पातं हळूहळू थांबत गेलं. दाते दिसायला लागले, मग मोजता यायला लागले.

तो माणूस मामांसमोर उकिडवा बसला. "अय्या, हात किती दिवस झाले असा आहे?"

"तीन महिने. फक्त सकाळी होतो."

"आत्ता दुपार आहे, अय्या."

मामांनी हात उपरण्याखाली घेतला.

"मी हे यंत्र तुम्हाला देत नाही," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक मी आहे."

"यंत्र माझं आहे. एक हात त्याला दिलाय मी. दुसऱ्या कुणाचा द्यायचा नाही."

मामा भुशातच बसून होते. मग त्यांनी जे विचारलं ते मला की त्याला की कुणाला, ते अजून कळलेलं नाही.

"मग आता मला सरळ कोण कापून देणार?"

तेव्हा कुठं मला बंब आठवला. ते सागाचे तुकडे आठवले. माझ्याच कोलूच्या फळ्या होत्या त्या. रोज एक फळी वाकडी जायची आणि कुणाला दिसू नये म्हणून रोज ती जाळायची. आम्ही मजेत आंघोळी करत होतो.

बसच्या थांब्यावर मामा म्हणाले, "नाणं उभं होतं, अक्का."

"हो, मामा."

"आणि तू म्हणालीस बेअरिंग गेलंय."

"हो, मामा."

बसमध्ये ते पुढं एकटे जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून बंब गार. आणि मी अक्का राहिले नाही. काही निरोप असला तर ह्यांना सांगायचे, "वरच्या बाईंना सांगा." ते 'वरच्या बाई' मला फार लागलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर केलंस." मला तसं वाटत नव्हतं. खोटं तर खोटंच. बरं, खरं सांगितलं असतं तर? तो हात आणि ते पातं! दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्ही बाजूंनी धडकी भरायची.

तीन आठवडे असे गेले. नवरात्र दहा दिवसांवर आलं. मी ट्रंका पुसून ठेवल्या, यंदाही ट्रंकांवरच कोलू. एका सकाळी खालून हाक आली.

"अक्का! फळी धर ये."

मी जिना कसा उतरले मला ठाऊक नाही. अंगणात सहा पायऱ्यांच्या फळ्या रचलेल्या, कडा आरशासारख्या सरळ. "साक्कोट्टैच्या गिरणीत कापून आणल्या," मामा म्हणाले, जणू दुसऱ्याची पोरं घरात घेतली. "सातवी मी कापणार. तू धर."

हाताची करवत. ते कापत होते, मी दुसरं टोक धरून बसले होते. हाताच्या करवतीनं बोटं जात नाहीत, मला ठाऊक आहे. तरी मी त्यांच्या बोटांवरून नजर काढली नाही. करवत रेघ सोडून जायची, ते थांबायचे, श्वास घ्यायचे, परत रेघेवर आणायचे. एका फळीला दोन सकाळी लागल्या. शेवटी तुकडा पडला. कड लाटेसारखी. मामांनी पट्टी लावली, बराच वेळ बघत राहिले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चालेल, मामा."

त्यांनी करवत खाली ठेवली. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता घर सोडायला सांगतात. "चालत नाही," म्हणाले, आणि फळी घेऊन आत गेले, दार लावलं. मला वाटलं, गेली बंबात.

घटस्थापनेच्या सकाळी सातही पायऱ्या माझ्या दाराशी होत्या. सातवी सगळ्यांत वर बसली, कलशाखाली. धोतर अंथरल्यावर वाकडेपण दिसेना, फक्त कलश जरासा कलायचा. मी कॅलेंडरच्या कागदाची घडी खाली सारली. मामा बघायला आले, खालपासून वरपर्यंत नजर नेली, प्रसादाचं सुंडल घेतलं आणि काही न मोजता गेले.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली. पट्टी धोतरात असायची, पण थरथरत्या हातात ती धरवत नसे, म्हणून मला मोजायला लावायचे आणि आकडा ऐकून मान हलवायचे. मग एके दिवशी दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्यांना ओसरीवर ठेवलं होतं तेव्हा मी पायाशी बसून ओठ हलवत होते. लोकांना वाटलं, मी जप करते. मी बोटं मोजत होते. दहा होती. सगळीच्या सगळी. मग वाटलं, दोन वर्षं ही मांडीवर नुसती ठेवायला लावून मी काय मिळवलं? राखली की बांधून टाकली? हे विचारायचं तर त्यांनाच विचारायचं होतं, आणि जिवंत होते तोवर मला धीर झाला नाही. माझं माप विचारायला जसा झाला नाही तसाच.

ते गेल्यावरच्या पहिल्या नवरात्रात मी माळ्यावरून फळ्या काढल्या. मामांच्या हातच्या म्हणून दर वर्षी नुसत्या फडक्यानं वरून पुसायची. त्या वर्षी सातवीला खालून कोळिष्टक लागलं होतं, म्हणून उलटी केली.

खाली पेन्सिलीनं लिहिलेलं. मामांना आमची ही मराठी तमिळ अक्षरांत लिहायची सवय होती. मला देवनागरी चाळिशीनंतर कॅलेंडरं बघून बघून आली, पण तमिळ अक्षरं लहानपणापासूनची. तरी वाचायला वेळ लागला. अक्षर थरथरलेलं होतं, एकेक ओळ उतरत गेलेली, फळ्यावर सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाची.

'फळी दोन सूत वाकडी.

अक्काची भीती एक सूत जास्त.

चालेल.'